मजकूर स्वस्त, निर्णय महाग

पेटंटच्या कामात शिरू पाहणारी मुलं-मुली हल्ली एकच प्रश्न विचारतात: एआय जर सगळं लिहून देणार असेल, तर पाच वर्षांनी आम्हाला कोण विचारणार? विचारणारे बहुतेक बी. फार्म., रसायनशास्त्रातले एम. एस्सी., नाहीतर मेकॅनिकल-इलेक्ट्रॉनिक्सचे इंजिनिअर असतात. विज्ञान सोडायचं नाही, पण जन्म प्रयोगशाळेतही काढायचा नाही, अशांना हे काम भावतं. प्रश्न रास्त आहे. ‘काही होत नाही’ हे त्याचं उत्तर जितकं पोकळ, तितकंच ‘हे क्षेत्र आता संपलं’ हेही.

नीट उत्तर द्यायचं तर आधी हे काम काय आहे ते पाहावं लागतं. मला जे म्हणायचं आहे ते सुरुवातीलाच सांगून टाकतो. पेटंटच्या कामात मजकूर हे साधन आहे; खरं काम निर्णय घेण्याचं. यंत्रानं मजकूर स्वस्त केला, म्हणून निर्णयाचा भाव वाढला. इथपर्यंत गोष्ट दिलाशाची आहे. पण निर्णय घ्यायला माणूस आजवर शिकला तो मजकुराची हमाली करता करता, आणि ती हमालीच आता यंत्राकडे चालली आहे. खरी गोम इथे आहे. आता हे एकेक करून पाहू.

पेटंट म्हणजे एक सौदा. संशोधकानं आपली युक्ती जगाला उघड करून सांगायची आणि त्या बदल्यात, अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं, इतरांना ती वापरण्यापासून रोखण्याचा हक्क सरकारनं त्याला द्यायचा. आपल्याकडे हा सौदा १९७० च्या पेटंट कायद्यानुसार होतो. अर्जात दोन भाग महत्त्वाचे. पहिला, शोधाचं सविस्तर वर्णन. दुसरा, शेवटी येणारे क्लेम, म्हणजे नेमका कशावर हक्क सांगितला आहे ते मांडणारी क्रमांकवार वाक्यं. खरेदीखतात जमिनीची तारीफ कितीही केलेली असो, भांडण लागलं की चतुःसीमा वाचतात: पूर्वेला कोणाचा गट, पश्चिमेला ओढा की रस्ता. क्लेम म्हणजे शोधाची चतुःसीमा. कोर्टात अखेर तीच वाचली जाते.

ही सीमा आखली कशी जाते ते जवळून पाहू. समजा, लासलगावकडच्या एका तरुण इंजिनिअरनं कांदाचाळीसाठी यंत्रणा बनवली आहे. चाळीच्या तळाशी नळ्या आणि नळ्यांत वायू ओळखणारे सेन्सर. कांदा सडायला लागला की हवेत बदल होतो, सेन्सरला तो कळतो आणि चाळीच्या तेवढ्याच भागातला पंखा सुरू होतो. तो अर्ज लिहून देणाऱ्या पेटंट एजंटकडे येतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर त्याची चाळ असते, त्याचा पंखा असतो. एजंट विचारतो: पंखाच हवा का? झडप उघडून बाहेरचा वारा आत घेतला तर? कांद्याच्या जागी बटाटा असला तर? सेन्सर एकच ठेवला आणि तो चाळभर फिरवला तर? संशोधक एखाद्या प्रश्नावर ‘हो, चालेल की’ म्हणतो, एखाद्यावर ‘छे, मग जमायचं नाही’ म्हणतो. या होकार-नकारांतून सीमा ठरत जाते. ‘पंखा’ जाऊन तिथे ‘हवा बदलणारं साधन’ येतं. ‘तेवढ्याच भागातली हवा’ हे मात्र ठेवावं लागतं, कारण युक्ती तिथेच आहे. ते काढलं तर शीतगृहातली एखादी जुनी यंत्रणा आडवी येईल आणि अर्ज तिथेच संपेल.

शिवाय कायद्याची चाळणी उरतेच. कशाकशाला पेटंट मिळत नाही याची यादी कलम ३ मध्ये आहे. तिच्यात शेतीची पद्धत आहे, अल्गोरिदम आणि निव्वळ संगणक प्रोग्रॅमही आहे. कांदा साठवण्याची पद्धत म्हणून हक्क मागितला तर पेटंट कार्यालयातला परीक्षक पहिली तरतूद पुढे करू शकतो. सेन्सरच्या आकड्यांवरचं गणित म्हणून मागितला तर दुसरी. मग यंत्रणा म्हणूनच मागावं, की दोन्ही मागून वाद घालावा? ग्राहकाचा खिसा केवढा, त्याला घाई किती, त्याचे स्पर्धक कोण, यावर उत्तर बदलतं. हे सगळं ठरलं की मग लिहायला बसायचं.

बाहेरून पाहणाऱ्याला मात्र दिसतं ते लिहिणं. चाळीस पानांचा मसुदा, परीक्षकाच्या तपासणी अहवालाला दिलेलं वीस पानांचं उत्तर, जुन्या पेटंटांचे तक्ते. त्यामुळे ‘लिहिणारं यंत्र आलं’ म्हटल्यावर हे कामच गेलं असं वाटणं स्वाभाविक आहे.

यंत्र यात कुठे येतं आणि किती उपयोगी पडतं, हे प्रामाणिकपणे मान्य केलं पाहिजे. सुरुवात शोधाशोधीपासून करू. पेटंट मिळायचं तर शोध नवा हवा, आणि नवा आहे की नाही हे कळायला जगभरचं जुनं वाङ्मय धुंडाळावं लागतं. या धुंडाळण्यात माणूस किती कमी पडू शकतो हे हळदीच्या प्रकरणानं दाखवलं. हळदीच्या वापरानं जखम भरून आणण्याच्या उपायावर मार्च १९९५ मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला पेटंट मिळालं. आपल्या घरात खरचटलं की आजीचा हात पहिला हळदीच्या डब्याकडे जातो. पण परीक्षकासमोर आजी नसते, कागद असतो. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे, म्हणजे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे, महासंचालक होते. सीएसआयआरनं अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाकडे फेरतपासणी मागितली आणि ३२ संदर्भ पुढे ठेवले. त्यांत काही शंभर वर्षांहून जुने होते, संस्कृत, उर्दू, हिंदीतले होते, आणि इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला १९५३ चा एक लेखही होता. १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. या अनुभवातून पुढे २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाचं डिजिटल भांडार उभं राहू लागलं. आयुर्वेद, युनानी, सिद्ध यांच्या ग्रंथांतली माहिती त्यात इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश आणि जपानी भाषांत, परदेशी परीक्षकाला वाचता येईल अशा पद्धतीनं मांडलेली आहे.

आजची यंत्रं या प्रकारच्या शोधात माणसाच्या कितीतरी पुढे आहेत. पूर्वी नेमका शब्द सुचला नाही तर कागद सापडत नसे; आता अर्थावरून शोध घेता येतो. चिनी, जपानी, कोरियन पेटंटांची भाषांतरं क्षणात मिळतात. अमेरिकेच्या पेटंट कार्यालयातले परीक्षकही मिळतेजुळते दस्तऐवज शोधायला एआयचं साधन वापरतात. जे काम तीन दिवस चालायचं, त्याची पहिली फेरी तासाभरात होते. इथे ‘माणसाची सर यंत्राला नाही’ वगैरे म्हणण्यात अर्थ नाही.

पण हळदीच्या प्रकरणात पहिली ठिणगी कशी पडली ते विसरू नये. ‘हे तर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय’ ही शंका आधी कोणाच्या तरी मनात आली, संदर्भ नंतर गोळा झाले. जे कागदावर उतरलेलं नाही किंवा उतरूनही संगणकात शिरलेलं नाही, ते यंत्राला दिसत नाही. आणि कागद सापडल्यावरचा प्रश्न वेगळाच असतो. सापडलेल्या एकाच कागदात क्लेममधली प्रत्येक गोष्ट आहे का? नसेल, तर दोन कागद जोडण्याचं त्या विषयातल्या जाणकाराला सहज सुचलं असतं का? यंत्र पन्नास कागद क्रमानं लावून देतं. त्यातला कुठला अर्जाचा घात करणार आणि कुठला केवळ दिसायला भयंकर आहे, हे ठरवायला शास्त्र आणि कायदा दोन्ही लागतात.

मसुद्याचंही तसंच. संशोधकाचं चार पानांचं टिपण दिलं की वर्णन, आकृत्यांची ओळख, गोषवारा, वीसेक क्लेम अशी सगळी मांडामांड आजची साधनं काही मिनिटांत करून देतात. भाषा सफाईदार असते, आणि धोका या सफाईतच आहे. टिपणात लिहिलेलं असतं की मिश्रण ६० अंशांवर तापवलं. यंत्र लिहितं: ‘३० ते ९० अंश, शक्यतो ५५ ते ६५ अंश.’ अशी वाक्यं हजारो पेटंटांत असतात, म्हणून इथेही आलं. ३० अंशांवर कोणी करून पाहिलं आहे का? कदाचित तिथे तो पदार्थ विरघळतही नसेल. मुरलेला माणूस हा आकडा दिसताच संशोधकाला फोन लावतो. नवखा माणूस वाक्य वाचून खूश होतो.

चूक मागाहून निस्तरायला इथे जागाही फार नसते. कलम ५९ नुसार दाखल झालेल्या अर्जात बदल करता येतो तो हक्काचा काही भाग सोडून देण्यासाठी, चूक दुरुस्त करण्यासाठी किंवा खुलासा म्हणून. जे मुळात सांगितलंच नव्हतं ते नंतर घुसवता येत नाही. कांदाचाळवाल्याला झडपेबद्दल विचारायचं राहून गेलं, तर ते कायमचं राहिलं. असे प्रश्न यंत्रही सुचवतं, आणि त्यातले बरेच चांगले असतात. पण समोरचा ‘हो, चालेल की’ म्हणाला ते खात्रीनं की उत्साहाच्या भरात, हे त्याच्या चेहऱ्यावरून ओळखायचं असतं.

सीमा कुठे आखली जाते यावर किती अवलंबून असतं, याचं पुण्याजवळचं उदाहरण म्हणजे बजाज ऑटोचा खटला. लहान इंजिनात दोन स्पार्क प्लग बसवून इंधन चांगलं जाळण्याच्या तंत्रावर बजाजचं पेटंट होतं. पल्सर मोटारसायकलमुळे त्याचं ‘डीटीएस-आय’ हे नाव घरोघरी पोचलं. पेटंटात सिलिंडरचा व्यास ४५ ते ७० मिलिमीटर असा सांगितलेला होता. २००७ च्या अखेरीस टीव्हीएसनं दोन स्पार्क प्लगची ‘फ्लेम’ मोटारसायकल बाजारात आणायचं जाहीर केलं आणि प्रकरण मद्रास उच्च न्यायालयात गेलं. टीव्हीएसचं म्हणणं, आमच्या इंजिनात तीन व्हॉल्व्ह आहेत, बजाजच्या इंजिनात दोन. शिवाय दोन प्लगची कल्पना काही नवी नाही. फेब्रुवारी २००८ मध्ये एका न्यायाधीशांनी बजाजच्या बाजूनं अंतरिम मनाई दिली. २००९ मध्ये खंडपीठानं ती उठवली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं मूळ खटला लवकर निकाली काढा, असं बजावलं. शेवटी २०१९ मध्ये दोन्ही कंपन्यांनी तडजोड केली.

दस्तऐवज तोच, शब्द तेच, आणि एकाच न्यायालयातली दोन पीठं दोन वेगळ्या ठिकाणी पोचली. मजकूर सगळ्यांपुढे होता. वाद होता तो या शोधाचा गाभा कोणता, दोन प्लग की प्लग आणि व्हॉल्व्ह यांची विशिष्ट मांडणी, यावर. प्रतिस्पर्धी उद्या तिसरा व्हॉल्व्ह घेऊन येईल, हा विचार मसुदा लिहितानाच करायचा असतो. पेटंट एजंटाला पैसे मिळतात ते या विचाराचे. पानांचे मिळतात असा समज असेल, तर तो बिलाच्या पद्धतीमुळे झालेला आहे.

इथे कोणी शंका घेईल: यंत्राला आज हे जमत नसेल, उद्या जमेल. तिसऱ्या व्हॉल्व्हचा विचार तेही करेल. मग?

यातला पहिला भाग मला मान्य आहे. यंत्राला अमुक कधीच जमणार नाही, असं छातीठोकपणे सांगणारे गेल्या काही वर्षांत वारंवार तोंडघशी पडले आहेत. माझं म्हणणं वेगळं आहे. पेटंटच्या कामात निर्णय नुसता बरोबर असून भागत नाही, तो कोणाचा तरी असावा लागतो. भारतात पेटंट एजंट व्हायला विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञानाची पदवी लागते, परीक्षा द्यावी लागते, आणि मग नाव नोंदवहीत चढतं. गैरवर्तन केलं तर कलम १३० खाली ते नाव काढूनही टाकता येतं. यंत्राचं नाव चढतही नाही, म्हणून काढताही येत नाही. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या वकिलांनी चॅटजीपीटीनं रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे कोर्टात सादर केले. दंड पाच हजार डॉलरचा झाला, आणि तो वकिलांना आणि त्यांच्या फर्मला झाला. अमेरिकेच्या पेटंट कार्यालयानं एप्रिल २०२४ मध्ये एआयच्या वापराबद्दल सूचना काढल्या, त्यांचाही मथितार्थ हाच: साधन कुठलंही वापरा, सही करणारा जबाबदार.

गुप्ततेचीही जबाबदारी याच सहीमागे येते. अर्ज दाखल होण्याआधी शोध उघड झाला तर त्याचं नवेपण धोक्यात येतं. संशोधकाचं टिपण कुठल्याशा फुकट मिळणाऱ्या चॅटबॉटमध्ये चिकटवणारा कर्मचारी ते कोणाच्या सर्व्हरवर पाठवतो आहे, तिथे ते किती काळ राहणार, हे कार्यालयानं आधीच ठरवायला हवं. अनेक ठिकाणी ते ठरलेलं नसतं.

संशोधक कोण, हाही प्रश्न माणसाशीच येऊन थांबतो. स्टीफन थेलर यांनी ‘डाबूस’ नावाच्या आपल्या यंत्राला संशोधक दाखवून देशोदेशी अर्ज केले. दक्षिण आफ्रिकेत २०२१ मध्ये पेटंट मिळालं. पण अमेरिकेतल्या न्यायालयानं २०२२ मध्ये आणि ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं २० डिसेंबर २०२३ रोजी निक्षून सांगितलं की संशोधक माणूसच असावा लागतो. त्यामुळे एजंटाला आता एक नवं काम लागलं आहे. प्रयोगशाळेतून आलेल्या कल्पनेत माणसाचा वाटा कोणता आणि यंत्राचा कोणता, हे वेळीच विचारायचं आणि नोंदवून ठेवायचं. हा प्रश्न दहा वर्षांपूर्वी कोणाच्या यादीत नव्हता.

म्हणजे माणूस राहणार. पण किती माणसं राहणार, हा हिशेब निराळा आहे, आणि तो गोड नाही. भारतात पेटंटच्या नावावर चालणाऱ्या नोकऱ्यांत मोठा वाटा परदेशी कंपन्यांसाठी चालणाऱ्या साहाय्यक कामाचा आहे. पुणे, नोएडा, गुरुग्राम, बंगळूर इथल्या कार्यालयांत मुलं जुनी पेटंटं शोधतात, त्यांचे तक्ते करतात, मंजूर पेटंटातल्या छपाईच्या चुका काढतात, मुदतींची नोंद ठेवतात. बिल तासांवर होतं. ग्राहकाकडे यंत्र आलं की तो पहिली काटछाट इथेच करतो. ज्या नोकरीत दिवसभर एका रकान्यातलं दुसऱ्या रकान्यात न्यायचं असतं, तिच्यावर कोणी दहा वर्षांचा बेत आखू नये.

या गोष्टीला आणखी एक बाजू आहे, आणि ती सहसा लक्षात येत नाही. मजकूर स्वस्त झाला की मजकूर वाढतो. भारतात २०१३-१४ मध्ये ४२,९५१ पेटंट अर्ज आले होते. २०२३-२४ मध्ये ९२,१६८ आले. त्या वर्षी एक लाखाहून अधिक पेटंटं मंजूर झाली. शैक्षणिक संस्थांना २०२१ पासून शुल्कात ८० टक्के सवलत आहे. हेतू चांगलाच, पण मूल्यांकनात गुण मिळतात म्हणून अर्ज करणारी महाविद्यालयंही त्यात आली. मसुदा लिहायला पैसे आणि महिने लागत होते तोवर अशा हौसेला आपोआप आवर बसत होता. उद्या दुपारच्या सुट्टीत तीन अर्ज तयार होऊ लागले, तर परीक्षकांचं ओझं कमी होईल की वाढेल? अर्ज नाकारायचा असेल तर सुनावणी द्यावी लागते, कारणं लिहावी लागतात. कारणं नीट न दिलेले आदेश उच्च न्यायालयांनी परत पाठवलेले आहेत. बौद्धिक संपदा अपील मंडळ २०२१ मध्ये बरखास्त झाल्यापासून नाकारलेल्या अर्जांची अपिलं थेट उच्च न्यायालयांत जातात. कचरा लिहायला पाच मिनिटं लागोत, तो कचरा आहे हे सकारण सांगायला मात्र दिवस लागतो.

आणि पेटंटची कसोटीच हलू लागली आहे. शोध नवा असून पुरत नाही; त्या विषयातल्या साधारण जाणकाराला तो सहज सुचणारा नसावा, अशी अट आहे. हा जाणकार कायद्यानं कल्पिलेला माणूस. त्याच्या हाती त्या काळाची नेहमीची साधनं असतात असं धरलं जातं. उद्या प्रत्येक रसायनतज्ज्ञाच्या टेबलावर हजार रेणू सुचवणारं यंत्र असेल, तर ‘सहज सुचण्यासारखं’ या सदरात कितीतरी जास्त गोष्टी येतील. अमेरिकेच्या पेटंट कार्यालयानं २०२४ मध्ये याच मुद्द्यावर लोकांची मतं मागवली. यंत्रानं ओतलेला मजकूर जुनं ज्ञान म्हणून धरायचा का, हाही त्यातलाच प्रश्न. अलेक्झांडर रेबेन या अमेरिकन कलावंतानं २०१६ मध्येच संगणकाकरवी क्लेमसारखी असंख्य वाक्यं जुळवून ती जाहीर करायला सुरुवात केली होती. नुसतं वाक्य पुरे, की ते वाचून वस्तू बनवता आली पाहिजे? हे वाद घालायला माणसं लागणार आहेत, आणि आजच्यापेक्षा अधिक तयारीची लागणार आहेत.

आता सुरुवातीला म्हटलेल्या गोमेकडे येऊ. ही तयारीची माणसं येणार कुठून?

आजवर ती कशी तयार झाली ते पाहा. नवा मुलगा कार्यालयात आला की पहिली दोन-तीन वर्षं त्याच्या वाट्याला कंटाळवाणं काम यायचं. शेकडो पेटंटं वाचायची, प्रत्येकातला पहिला क्लेम चिरून त्याचे तुकडे रकान्यात मांडायचे, तपासणी अहवालातले आक्षेप आणि आपली उत्तरं समोरासमोर लावायची. वरिष्ठ त्यावर लाल शाईनं रेघोट्या मारायचे. कोणी ‘निर्णयक्षमता’ नावाचा तास घेत नसे. पण शंभर क्लेम चिरल्यावर एकशेएकावा कुठे कच्चा आहे हे दिसायला लागायचं. ३० ते ९० अंश वाचून ज्याला शंका येते, त्याला ती अशी आली आहे. कायद्यालाही ही गोष्ट ठाऊक आहे. पेटंट कार्यालयात परीक्षक म्हणून किंवा अर्जावर निर्णय देणाऱ्या कंट्रोलरचं काम करत ज्यानं एकूण दहा वर्षं काढली, त्याला एजंट व्हायला परीक्षा द्यावी लागत नाही. दहा वर्षं दुसऱ्यांचे अर्ज वाचणं हीच परीक्षा, असं कलम १२६ मानतं.

हेच वाचन आणि हीच चिरफाड आता यंत्र करून देतं. कार्यालयाच्या मालकाला वाटतं, शिकाऊ माणसाचा पगार वाचला. पहिल्या वर्षी तो वाचतोच. सातव्या-आठव्या वर्षी यंत्राचा मसुदा तपासायला माणूस शोधावा लागतो, आणि तो बाजारात मिळत नाही, कारण कोणीच तो घडवलेला नसतो. आज यंत्राच्या मसुद्यातली खोट पकडणारे सगळे लोक यंत्राआधीच्या काळात तयार झालेले आहेत. त्यांची निवृत्ती जवळ येईल तसतसा हा प्रश्न अंगावर येईल.

शिकताना यंत्र दूर ठेवा, असं मी म्हणणार नाही. ते शक्य नाही आणि शहाणपणाचंही नाही. पण जी गोष्ट पोटासाठी कराव्या लागणाऱ्या कामातून आपोआप शिकली जात होती, ती आता मुद्दाम शिकवावी लागेल. क्लेम आधी हातानं लिहायचा, मग यंत्राकडून लिहून घ्यायचा, आणि दोन्हींतला फरक वरिष्ठांसमोर बसून बोलायचा. यंत्रानं वगळलेले संदर्भ आठवड्यातून एकदा उघडून पाहायचे. संशोधकाच्या भेटीला शिकाऊ मुलीला बरोबर न्यायचं, कारण प्रश्न कसा विचारावा हे कुठल्याही मसुद्यात लिहिलेलं नसतं. सुनावणीला नेऊन मागे बसवायचं. या सगळ्याचं बिल ग्राहकाला लावता येत नाही. तो खर्च कार्यालयानंच सोसायचा आहे. नागपूरची राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्था परीक्षकांना प्रशिक्षण देते. यंत्रानं लिहिलेला अर्ज कसा वाचावा, हा विषय तिथे प्रमुख असायला हवा.

ज्यांनी प्रश्न विचारला त्या मुला-मुलींना माझं सांगणं थोडक्यात आहे. या कामात जरूर या, पण आपल्या विषयाचं ज्ञान पातळ करून येऊ नका. रसायनशास्त्र येणाऱ्यालाच ३० अंशांची शंका येते, इंजिन कळणाऱ्यालाच तिसरा व्हॉल्व्ह सुचतो. यंत्र पहिल्या दिवसापासून वापरा, पण सुरुवातीची काही वर्षं प्रत्येक क्लेम त्याच्याआधी स्वतः लिहा. पेटंट एजंटच्या परीक्षेत ड्राफ्टिंगचा आणि मसुद्याचा अर्थ लावण्याचा पेपर आहे, आणि तो संपला की तोंडी परीक्षा असते. त्या खोलीत तुम्ही एकटे असता. नोकरी निवडताना पगाराच्या बरोबरीनं एक प्रश्न विचारा: माझं लिहिलेलं कोण तपासणार? उत्तर ‘सॉफ्टवेअर’ असं आलं, तर दुसरं कार्यालय बघा.

आणि कार्यालयं चालवणाऱ्यांना विनंती आहे. यंत्रामुळे वाचलेल्या प्रत्येक दहा तासांतले दोन तरी तास शिकाऊ माणसावर खर्च करा. ते केलं नाही आणि आठ वर्षांनी सही करण्याजोगा माणूस मिळाला नाही, तर त्याचा दोष यंत्राला देता येणार नाही.